दुरून आज्ञा पाळणारी नौका

शांत तळ्याच्या मध्यभागीं हातभर लांबीची एक नौका डौलानें वळणें घेत फिरते. तिला दोरी नाहीं, तार नाहीं, आंत नावाडीहि नाहीं. कांठावर उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातांत एक पेटी तेवढी दिसते. हें दृश्य पाहणारास प्रथम असेंच वाटतें कीं, त्या पेटींतून कांहीं अदृश्य शक्ति निघत असावी व तीच नौकेस पुढें ढकलीत असावी. ही समजूत दूर झाल्यावांचून ह्या यंत्राचें मर्म कळत नाहीं. बिनतारी लहरी नौकेपर्यंत केवळ आज्ञा पोंचवितात. ती आज्ञा पार पाडण्याची शक्ति नौकेच्या पोटांतील बॅटरींतच असते.

हें तत्त्व निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत्प्रदर्शनांत लोकांपुढें मांडलें. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला त्यास ह्या शोधाचें पेटंट मिळालें. त्याच्या नौकेंत बॅटऱ्या होत्या, पंखा फिरविणारी एक मोटर होती आणि सुकाणू वळविणारी दुसरी. लहर ओळखण्याचें काम धातूच्या चूर्णाची एक नळी करी. एरवीं त्या चूर्णांतून वीज सहजासहजीं जात नसे. लहर येऊन आदळतांच कण परस्परांस बिलगत व विजेस वाट मिळे. ही क्षीण वीज एक विद्युच्चुंबकी खटका ओढी, आणि तो खटका बॅटरीच्या प्रवाहाचें दार उघडी. मग नळी उलटी होऊन चूर्ण पुनः मोकळें होई व पुढील आज्ञेस सिद्ध राही. प्रत्येक संकेतासरशीं एक चकती एकेक टप्पा सरके, आणि त्या टप्प्यानुसार सुकाणूची मोटर सुरू होई, थांबे किंवा उलट फिरे.

तत्पूर्वीं, १८९५ सालीं, कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं अशाच लहरींच्या योगें दूरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती. तेथेंहि लहरींनीं आग वाहून नेली नव्हती; पेटविण्याची सामग्री पलीकडे सज्ज होती, लहरीनें फक्त इशारा दिला.

हा भेद ध्यानीं आला म्हणजे घरच्या अडगळींतून अशी नौका उभारणें फारसें अवघड राहत नाहीं. पहिला शोध मोटरीचा. मोडक्या खेळण्यांत किंवा निकामी प्रिंटरमध्यें स्थिर चुंबकाची, दोन तारांची लहान मोटर सांपडते. तिच्या तारा बॅटरीस जोडतांच ती फिरते आणि तारांची अदलाबदल करतांच उलट फिरते. नौकेस पुढें-मागें जाण्यास हाच गुण हवा. चार किंवा अधिक तारांची मोटर टप्प्याटप्प्यानें फिरणारी असते. ती नुसत्या बॅटरीवर चालत नाहीं. टेपरेकॉर्डरच्या पुष्कळ मोटरींत वेग सारखा ठेवणारी योजना आंतच बसविलेली असते, म्हणून त्याहि बाजूस ठेवाव्या. घरच्या २३० व्होल्ट प्रवाहावर चालणाऱ्या मिक्सरच्या वा पंख्याच्या मोटरी ह्या कामीं निरुपयोगी होत, आणि त्यांच्याशीं खेळणें धोक्याचें.

नौकेच्या भाराचें गणित सोपें आहे. ६० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद अशी पेटीसारखी नौका एक सेंटिमीटर बुडण्यास ९०० ग्रॅम भार लागतो. कारण तितकेंच पाणी ती बाजूस सारते. नाळ निमुळती केल्यास हें प्रमाण कांहींसें घटतें. बॅटरी सर्वांत जड, म्हणून ती तळाशीं व मध्यरेषेवर ठेवावी. पंख्याचा दांडा जेथून बाहेर पडतो तेथें नळी बसवून तींत ग्रीस भरलें म्हणजे पाणी आंत शिरत नाहीं. पंख्यांत शेवाळ अडकून मोटर जागींच थांबली, तर ती नेहमींच्या कितीतरी पट वीज ओढते व तारा तापतात. म्हणून बॅटरीच्या वाटेवर फ्यूज अवश्य असावा.

आज चूर्णाच्या नळीची जागा हातांत मावणाऱ्या ग्राहक यंत्रानें घेतली आहे. त्यांतून सुकाणूच्या सर्व्होकडे दर सेकंदास सुमारें ५० विजेचे ठोके जातात. ठोका दीड सहस्रांश सेकंदाचा असला कीं सुकाणू सरळ राहतें. तो एकाकडे किंवा दोनाकडे झुकला कीं सुकाणूहि त्या त्या बाजूस वळतें.

जुन्या मोटरीची एक खोड मात्र ओळखून असावें. तिचे ब्रश घासतांना बारीक ठिणग्या उडतात. हाइनरिश हर्ट्झ यानें १८८७ ते १८८८ ह्या काळांत बिनतारी लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्यानें! अर्थात् ठिणग्या टाकणारी मोटर हीच एक आगंतुक प्रेषक होऊन बसते, आणि तिच्या गोंगाटांत ग्राहकास आज्ञा नीट ऐकूं येत नाहीं. मोटरीच्या दोन टोकांमध्यें ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडल्यानें आणि ग्राहकाची एरियल मोटरीपासून दूर व पाण्याच्या पातळीहून वर ठेवल्यानें हा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटीं उरतो: आज्ञा पोंचलीच नाहीं, तर नौकेनें काय करावें? शक्ति तिच्याच पोटांत असल्यामुळें कांठावरील पेटी मुकी झाली तरी पंखा फिरत राहूं शकतो. अशी भरकटलेली नौका पोहणाऱ्या मुलावर जाऊन आदळेल. आणि तिला परत आणण्यासाठीं कोणी खोल पाण्यांत उतरला, तर एका खेळण्यापायीं जीव गमावण्याची वेळ येईल. ह्यासाठीं संकेत तुटतांच मोटर थांबविण्याची सोय आजच्या पुष्कळ ग्राहक यंत्रांत असते; ती आधींच लावून ठेवावी. नौका पाण्यांत सोडण्यापूर्वीं कांठावरच ती घट्ट धरून, पंख्यास कांहीं लागूं न देतां, मोटर चालवावी व प्रेषक बंद करून पाहावा. मोटर आपोआप थांबली, तरच नौका पाण्यांत सोडण्यास योग्य झाली असें समजावें.