श्रीलंकेतील यादवी युद्ध

श्रीलंकेतील यादवी युद्ध हे श्रीलंकेचे शासन आणि स्वतंत्र तमिळ राष्ट्राची मागणी करणारी 'लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम' (लिट्टे) ही सशस्त्र संघटना यांच्यात जुलै १९८३ ते मे २००९ या काळात लढले गेलेले युद्ध होय. त्यात सुमारे ८०,००० ते १,००,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

भाषेचा कायदा

१९४८ साली सिलोन (आताचा श्रीलंका) स्वतंत्र झाला तेव्हा तेथील लोकसंख्येत सिंहलींचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांत राबणारे भारतीय वंशाचे लाखो तमिळ मजूर नागरिकत्वाला मुकले. युद्धाची मुळे मात्र प्रामुख्याने उत्तर व पूर्व भागांतील, शतकानुशतके तेथेच राहणाऱ्या तमिळांच्या प्रश्नात आहेत.

उत्तरेकडील जाफना द्वीपकल्प कोरडा आहे. केवळ शेतीवर भागत नसल्याने तेथील तरुण मिशनरी शाळांतून इंग्रजी शिकत आणि सरकारी नोकरीत शिरत. त्यामुळे शासकीय सेवेत तमिळांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक होते. सिंहली खेड्यांतील तरुणांचा याबाबतचा रोष अगदीच निराधार नव्हता, कारण ज्या इंग्रजीत राज्यकारभार चाले ती फारच थोड्यांना येत असे. या रोषावर स्वार होऊन एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांनी १९५६ ची निवडणूक जिंकली आणि सिंहलीला देशाची एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा संमत करून घेतला. एकच भाषा लादाल तर एका देशाचे दोन होतील, असा इशारा डाव्या पक्षाचे सिंहली नेते कॉल्विन आर. डी सिल्वा यांनी दिला होता. इंग्रजी हटवण्याची मागणी रास्त मानली, तरी तिची जागा दोन देशी भाषांना देता आली असती. तसे न झाल्याने सिंहली परीक्षा उत्तीर्ण न होणाऱ्या तमिळ कर्मचाऱ्यांची बढती थांबली आणि अनेकांना सेवा सोडावी लागली.

ही चूक सुधारण्याची संधी लवकरच आली होती. २६ जुलै १९५७ रोजी बंदरनायके आणि तमिळ नेते एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्यात करार झाला. उत्तर व पूर्व भागांत तमिळमधून कारभार आणि मर्यादित अधिकारांच्या प्रादेशिक परिषदा, एवढेच त्यात मान्य केले होते. विरोधी पक्षाचे नेते जे. आर. जयवर्धने यांनी कराराविरुद्ध कँडीकडे पदयात्रा काढली. पुढील वर्षी बौद्ध भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर ठाण मांडले आणि बंदरनायके यांनी करार रद्द केला. त्यानंतर काही आठवड्यांतच तमिळविरोधी दंगली उसळल्या. १९६५ सालच्या दुसऱ्या कराराचीही तीच गत झाली, फक्त सत्ताधारी व विरोधक यांची अदलाबदल झाली होती.

सनदशीर मार्गाचा अंत

१९७० नंतर विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना अधिक गुण आवश्यक ठरवण्यात आले. ज्या समाजाने शिक्षणालाच उपजीविकेचे साधन मानले होते, त्याच्या तरुणांना हा घाव वर्मी लागला. १९७६ मध्ये वेलुपिल्लै प्रभाकरन याने लिट्टेची स्थापना केली. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. त्यात दुर्मिळ तमिळ हस्तलिखितांसह सुमारे ९७,००० ग्रंथ नष्ट झाले.

२३ जुलै १९८३ रोजी लिट्टेने जाफन्यात १३ सैनिकांना ठार मारले. त्यानंतर कोलंबोसह अनेक ठिकाणी जमावांनी मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरे शोधली व जाळली. वेलिकडा तुरुंगात ५३ तमिळ कैद्यांची हत्या झाली. मृतांची संख्या शासनाच्या मते चारशेहून कमी, तर अन्य अंदाजांनुसार तीन हजारांपर्यंत होती. पुढच्याच महिन्यात घटनादुरुस्ती करून लोकप्रतिनिधींना फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची करण्यात आली. तमिळ खासदारांना संसद सोडावी लागली आणि बोलणी करणारे नेतृत्व निष्प्रभ झाले.

भारताचा हस्तक्षेप

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. त्यानुसार तमिळलाही राजभाषेचा दर्जा व प्रांतिक परिषदा देण्यात आल्या. तीस वर्षांपूर्वी याहून कमी देणाऱ्या कराराविरुद्ध पदयात्रा काढणारे ते हेच जयवर्धने. परंतु एव्हाना लिट्टेला स्वतंत्र राष्ट्राहून कमी काही नको होते. शांतता राखण्यासाठी गेलेल्या भारतीय सेनेलाच तिच्याशी लढावे लागले. या मोहिमेत सुमारे १,२०० भारतीय जवान मरण पावले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांचा जन्म मुंबईचा. मार्च १९९० मध्ये सेना परतली. २१ मे १९९१ रोजी लिट्टेच्या आत्मघाती हल्ल्यात राजीव गांधी मारले गेले.

मानवी हानी

'यादवी' हा शब्द प्रभासक्षेत्री आपसांत लढून नष्ट झालेल्या यादवांवरून आला. श्रीलंकेत तो केवळ सिंहली-तमिळ संघर्षाला लागू पडतो असे नाही. लिट्टेने १९८६ मध्ये टेलो या प्रतिस्पर्धी तमिळ संघटनेचा संहार केला आणि १९८९ मध्ये ज्येष्ठ तमिळ नेते अमिर्तलिंगम यांची हत्या केली. दक्षिणेत १९८७ ते १९८९ या काळात जनता विमुक्ती पेरमुनाचे बंड आणि ते मोडणारी शासकीय कारवाई यांत हजारो सिंहली तरुण बळी पडले. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातील सुमारे ७०,००० मुसलमानांना हुसकावून लावले. तमिळ हीच मातृभाषा असलेल्या या लोकांना जाफना सोडण्यासाठी जेमतेम दोन तास मिळाले. शाळकरी मुलेही लिट्टेच्या सक्तीच्या भरतीतून सुटली नाहीत.

२००२ चा, नॉर्वेच्या मध्यस्थीने झालेला युद्धविराम टिकला नाही. जानेवारी २००९ मध्ये सैन्याने किलिनोच्ची जिंकल्यावर लाखो नागरिक मुल्लैतीवूच्या किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत कोंडले गेले. शासनाने सुरक्षित म्हणून घोषित केलेल्या भागांवर तोफगोळे पडत होते, आणि तेथून पळू पाहणाऱ्यांवर लिट्टे गोळ्या झाडत होती. या अखेरच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मरण पावले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये वर्तवली. श्रीलंका शासनाने ती अमान्य केली. मे २००९ मध्ये प्रभाकरन मारला गेला व युद्ध संपले. वाचलेल्या सुमारे २,८०,००० लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील मेनिक फार्म ही सर्वांत मोठी छावणी २०१२ मध्ये बंद झाली.

बेपत्ता व्यक्तींचा प्रश्न अनिर्णित आहे. अनेकांना युद्धाच्या शेवटी त्यांच्या नातलगांनी स्वतः सैन्याच्या स्वाधीन केले होते. शासनाने बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय स्थापन केले, परंतु २०१७ पासून किलिनोच्ची, वावुनिया येथे रस्त्याकडेला मुलांची छायाचित्रे घेऊन धरणे धरलेल्या मातांपैकी कित्येक उत्तर न मिळताच मरण पावल्या आहेत.