पत्त्यांचा हिशेब – भाग 5 : नाल, रेक आणि छोटा डाव

जुगाराच्या बैठकीत दर डावातून अड्डेवाल्यासाठी जे पैसे बाजूला काढले जातात, त्याला ‘नाल’ म्हणतात. पोकरच्या टेबलावर त्याचेच नाव ‘रेक’. जागा, पत्ते, दिवाबत्ती, चहा आणि थोडा आडोसा यांची ही किंमत. ती जिंकणाऱ्याच्या ढिगातून निघते. त्यामुळे हरणाऱ्याला ती दिसत नाही आणि जिंकणाऱ्याला त्या घटकेला टोचत नाही. छोट्या रकमेच्या खेळात चार पैसे सुटतात का, याचे उत्तर मात्र पानांपेक्षा या कपातीत जास्त दडलेले असते.

अहिल्यानगर जिल्ह्यात नाल भेटते ती बहुधा तिरटच्या बैठकीत. तिरट हा तीन पानांचा खेळ, तीनपत्तीचा भाऊबंद. श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव या भागांतल्या छाप्यांच्या बातम्यांत त्याचे नाव हमखास येते आणि बातमीची भाषाही ठरून गेलेली आहे : काही इसम आडोशाला गोलाकार बसून, पैसे लावून, तिरट नावाचा हारजितीचा जुगार खेळताना मिळून आले, रोख रक्कम, मोबाइल व मोटारसायकली जप्त. मुद्देमालात पुष्कळदा रोकडीपेक्षा मोटारसायकलींचाच आकडा मोठा असतो. डाव किती लहान होता ते त्यावरूनच कळावे.

अशी एक बैठक कागदावर मांडून पाहता येते. सहा जण, प्रत्येकाच्या खिशात 500 रुपये, म्हणजे बैठकीत एकूण 3,000. एका डावात सरासरी 120 रुपये जमतात आणि त्यावर शेकडा 5 नाल, म्हणजे 6 रुपये. सहा रुपयांचे कोणाला काय वाटणार? पण दोन मिनिटांना एक डाव धरला तर तासाला 30 डाव होतात आणि 180 रुपये डब्यात पडतात. पाच तासांत 900. उठताना सहा जणांकडे मिळून 2,100 रुपये उरलेले असतात. नाल शेकडा 5 असली, तरी बैठकीतल्या पैशाचा शेकडा 30 वाटा गेला, कारण तोच पैसा हातोहात फिरत राहतो आणि दर फेरीला कापला जातो. तीन पानांच्या खेळात कौशल्याला फारसा वाव नाही. त्यामुळे प्रत्येकाची सरासरी तूट तासाला 30 रुपये. एखाद्या रात्री एखादा जिंकून उठतो, पण वर्षभर नियमाने जिंकणारा तिथे एकच : डबा सांभाळणारा.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या मालकाच्या नफ्याभोवती बेतलेली आहे, आणि त्याच कायद्याचे कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळाला मोकळे सोडते. 1967 मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानांचा खेळ नशिबाच्या बाजूला टाकला. मात्र रमीवरही क्लब स्वतःचा नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असे त्याच निकालात आहे. पोकरवर एकमत नाही. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने तो जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवला, तर गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगारातच गणले.

पोकर तिरटहून वेगळा पडतो तो इथे. त्यात पान टाकून देण्याचा, बोली वाढवण्याचा, समोरच्याला ओळखण्याचा निर्णय खेळाडूच्या हातात असतो. त्यामुळे जाणता खेळाडू अडाण्याकडून खरोखरच पैसे काढू शकतो. प्रश्न एवढाच, की ते पैसे रेकपेक्षा जास्त असतात का.

अमेरिकेतल्या कार्डरूममधला 2–4 डॉलरचा लिमिट खेळ, म्हणजे ठरीव रकमेच्या बोलींचा खेळ, हे याचे ठरलेले उदाहरण. मोठी बोली म्हणजे ‘बिग बेट’ इथे 4 डॉलरची. नेवाडात रेकला डावाच्या शेकडा 10 ची कायदेशीर मर्यादा आहे आणि शिवाय बहुतेक ठिकाणी दर डावाला काही डॉलरांची कमाल रक्कम ठरलेली असते. नऊ खेळाडू, तासाला 30 डाव, डावामागे सरासरी 3 डॉलर धरले, तर टेबलावरून तासाला 90 डॉलर जातात. माणशी 10, म्हणजे अडीच बिग बेट. आता 20–40 चे टेबल घ्यावे. तिथे पुष्कळदा रेकऐवजी तासाचे भाडे असते. ते 14 डॉलर धरले तरी एका बिग बेटचा जेमतेम तिसरा हिस्सा. डाव दसपट मोठा झाला, पण कार्डरूमचे शुल्क दसपट झाले नाही. लहान टेबल महाग पडते ते यामुळे.

तरीही रेक सगळ्यांवर सारखा बसत नाही. तो जिंकलेल्या डावातून जातो. म्हणून येईल त्या पानावर खेळणारा जास्त भरतो आणि निवडक पाने खेळणारा कमी. असा सावध खेळाडू तासाला दोनच डाव मारतो असे धरू. रेकचे 6 डॉलर आणि पाने वाटणाऱ्याला डावामागे 1 डॉलर बक्षिशी मिळून 8 डॉलर गेले. घरी एक बिग बेट न्यायची, तर समोरच्यांकडून त्याने तीन काढायला हव्यात. टेबल कच्च्या खेळाडूंनी भरलेले असेल तर हे जमते. जमल्यावर हाती येतात तासाला 4 डॉलर. अमेरिकेतले केंद्रीय किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे.

आणि हे 4 डॉलरही नेमाने येत नाहीत. लिमिट पोकरमध्ये तासाची चढउतार साधारण 10 बिग बेटची धरतात आणि ती तासांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. तासाला एक बिग बेट खरोखर कमावण्याची ताकद असलेला खेळाडू 100 तास खेळला, तर अपेक्षा 100 ची आणि चढउतारही 100 ची. म्हणजे अशा सहांपैकी एक जण 100 तासांनंतरही तोट्यातच असतो. 400 तासांनंतर ही शक्यता शेकडा दोनच्या आसपास उतरते. पाच-सहा बैठकांवरून ‘आपल्याला खेळ जमतो’ असे ठरवणारे बहुतेक जण या आकड्याला फसतात.

अहिल्यानगरच्या माणसाला कायदेशीर पोकर टेबल जवळात जवळ गोव्यात सापडते. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्दच केला. पणजीला मांडवीत उभ्या कॅसिनो-बोटींवर जायचे तर रेकच्या आधी गाडीभाडे, खोली आणि प्रवेशाचे पैसे मोजावे लागतात. छोट्या डावाच्या कमाईतून एवढे निघणे अवघड. ऑनलाइन पोकरमध्ये हा खर्च नव्हता आणि एक-दोन रुपयांचे टेबलही मिळे. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला. 1,000 रुपये भरले की 218.75 कराचे, खेळायला 781.25. काही कंपन्यांनी तेवढा बोनस देऊन भार स्वतःवर घेतला. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला, 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कंपन्यांनी ही टेबले गुंडाळली.

उरतो आयकर. पत्त्यांतल्या जिंकण्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर अधिभार-उपकर वेगळे, आणि प्रत्यक्ष टेबलावरच्या खेळात हरलेल्या रात्रींची वजावट मिळत नाही. वर्षभरात जिंकलेल्या रात्रींची बेरीज 1,00,000 आणि हरलेल्यांची 80,000 असेल, तर खेळाडूच्या हाती 20,000 असतात आणि कर होतो 30,000.