राणीखेतीचा विषाणु पेशींत कसा शिरतो

ज्याच्या खुराड्यांत राणीखेत एकदां येऊन गेली, त्यास तिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सायंकाळीं दाणे टिपणारी कोंबडी सकाळीं मान वांकडी करून पडलेली आढळते, हिरवट पातळ विष्ठा होते, श्वास घरघरतो, आणि लस न दिलेल्या कळपांतील बहुतेक पक्षी थोड्याच दिवसांत हातचे जातात. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें, आणि लगेच पुढें कुमाऊंतील राणीखेत येथें ही सांथ ओळखली गेली. म्हणून परदेशांत न्यूकॅसल व आपल्याकडे राणीखेत हें नांव रूढ झालें.

पिलाच्या डोळ्यांत आपण जो लसीचा थेंब टाकतों, त्यांतही याच रोगाचा जिवंत विषाणु असतो. मग तो पिलास मारीत कां नाहीं, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर पेशीच्या दाराशींच सांपडतें.

हा विषाणु म्हणजे सुमारें १५ हजार अक्षरांची आनुवंशिक द्रव्याची एक माळ, व तिच्याभोंवतीं स्निग्ध पदार्थाचें पातळ आवरण. हें आवरणही त्याचें स्वतःचें नव्हे. ज्या पेशींत तो वाढला तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून तो बाहेर पडतो. आवरणावर दोन जातींच्या प्रथिनांचे खुंट उभे असतात. पहिलें धारक प्रथिन. कोंबडीच्या पेशींवर सियालिक आम्ल नांवाची एक शर्करा असते, तिला तें घट्ट धरतें. नवे विषाणु बाहेर पडतांना हेंच प्रथिन ती शर्करा तोडून त्यांस मोकळे करतें.

परंतु चिकटणें म्हणजे शिरणें नव्हे. विषाणूचें आवरण व पेशीचें पटल, दोन्ही स्निग्ध. तथापि मध्यें पाण्याचा थर असल्यानें तीं आपण होऊन एकजीव होत नाहींत. तें काम दुसऱ्या, म्हणजे संमीलक प्रथिनाचें. उंदराच्या सांपळ्याचा चाप ताणून ठेवावा, तसें हें ताणलेलें असतें. धारकाची पकड बसली कीं चाप सुटतो. पाण्यास विटणारें त्याचें टोंक झेपावून पेशीच्या पटलांत रुततें. दुसरें टोंक विषाणूच्या आवरणांत रोंवलेलें असतेंच. मग तें प्रथिन मधोमध दुमडतें आणि दोन्ही पटलें एकमेकांवर ओढलीं जातात. तीं मिसळतात, भोंक पडतें, आणि आंतील माळ पेशींत उतरते.

खरी मेख पुढेंच आहे. संमीलक प्रथिन प्रथम अखंड घडतें, आणि अखंड असेपर्यंत त्याचा चाप सुटत नाहीं. तें एका ठराविक जागीं कापलें जावें लागतें, आणि कापणारें विकर कोंबडीच्याच शरीरांतील असतें. ‘लासोटा’ किंवा ‘एफ’ या लसींच्या विषाणूचें छेदस्थान असें आहे कीं, तें कापणारें विकर मुख्यत्वें श्वासमार्गांत व आंतड्यांत भेटतें. त्यामुळें तो तेथेंच थोडासा वाढतो व प्रतिकारशक्ति जागी करून थांबतो. जहाल विषाणूच्या छेदस्थानीं आर्जिनीन किंवा लायसीन या घटकांची दाटी असते. त्यास कापणारें फ्युरिन नामक विकर बहुतेक सर्व पेशींत असतें. मग मेंदू काय किंवा प्लीहा काय, त्यास सर्व दारें उघडीं.

छेदस्थान हेंच सर्वस्व आहे, असें मात्र नाहीं. मुक्तेश्वर येथें अंड्यांतून पुनःपुन्हा वाढवून मवाळ केलेल्या ‘आर-टू-बी’ विषाणूचें छेदस्थान जहालाप्रमाणेंच आहे, तरी तो मध्यम बळाचा आहे. म्हणूनच ती लस कोंवळ्या पिलांस न देतां आठव्या आठवड्याच्या पुढें, आणि आधीं सौम्य लस दिलेल्या पक्ष्यांसच टोंचतात.

सौम्य व जहाल यांतील अंतर किती थोडें, हें ऑस्ट्रेलियांत दिसलें. १९९८ ते २००० या काळांत सिडनीच्या आसपास जीवघेणी सांथ उठली. तो विषाणु बाहेरून आलेला नव्हता. तेथल्याच कळपांत फिरणाऱ्या सौम्य जातीच्या छेदस्थानीं दोन अक्षरें पालटून तो निपजला होता.

लस दिलेल्या कोंबडीच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें या दोन्ही प्रथिनांवर बसतात. मग पकडही बसत नाहीं व चापही सुटत नाहीं. अर्थात् लस जिवंत पोंचली तरच. नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें ती मरते. यास्तव पाण्यांतून द्यावयाची असल्यास विहिरीचें स्वच्छ पाणी घेऊन त्यांत साय काढलेल्या दुधाची थोडी भुकटी मिसळावी, पक्ष्यांस तास-दोन तास तहानेलें ठेवावें, आणि कुपी बर्फांतून काढल्याबरोबर संपवावी. उन्हांत विसरलेली लस देणें व न देणें सारखेंच.

स्निग्ध आवरण हेंच या विषाणूचें मर्मस्थान आहे. साबणानें तें विरघळतें आणि दोन्ही प्रथिनें निराधार होतात. मात्र शेणामातीच्या थराखालीं साबण पोंचत नाहीं. यासाठीं बाजारांतून परत आणलेले पिंजरे व पायताणें आधीं घासून, मग साबणाच्या पाण्यानें धुवावीं, आणि विकत आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे जुन्या कळपापासून दूर ठेवावी.