सीडिंगपासून मोडलपर्यंत : शेतकऱ्याच्या व्यवहारातील इंग्रजी शब्द

शेतकऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या शासकीय संदेशांतील बरेच शब्द दिल्ली आणि तिच्या परिसरात घडतात. किमान आधारभूत किमतींची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग नवी दिल्लीत आहे. बाजारभावांची माहिती देणारे 'अ‍ॅगमार्कनेट' ज्याच्या अखत्यारीत येते, त्या पणन व तपासणी संचालनालयाचे मुख्यालय फरीदाबादला आहे. 'ई-नाम' राबवणारा लघु कृषक कृषी व्यापार संघ, गोदामांचे नियमन करणारे प्राधिकरण, हवामान विभागाचे मौसम भवन ही सारी कार्यालये दिल्लीतच आहेत. तेथे इंग्रजीत ठरलेली संज्ञा अनेकदा तशीच देवनागरीत उतरते आणि गावापर्यंत पोहोचते. शब्द कानांना परिचयाचा होतो, त्याचा नेमका अर्थ मात्र मागे राहतो. या अंतराची किंमत शेतकऱ्याला रुपयांत मोजावी लागते. म्हणूनच संगणक, प्रसारण, अर्थशास्त्र आणि वाणिज्य या चार क्षेत्रांतील काही निवडक शब्दांचा हा परिचय.

शेतातून गेलेले शब्द

यांतील कित्येक शब्द मुळात शेतीचेच आहेत. 'ब्रॉडकास्ट' म्हणजे मुठीने बी दूरवर फेकून पेरणे. विसाव्या शतकात नभोवाणीचा उदय झाला, तेव्हा एका केंद्रातून सर्व दिशांना आवाज पसरवण्याच्या क्रियेला हाच शब्द मिळाला आणि मराठीत त्यासाठी 'प्रसारण' हा शब्द रूढ झाला. कृषिविद्येच्या इंग्रजी शिफारशींत मात्र तो आजही मूळ अर्थाने येतो. अशा शिफारशीचे यंत्राने केलेले भाषांतर न तपासता छापले, तर 'खत फेकून द्यावे' याऐवजी 'खत प्रसारित करावे' असे विचित्र वाक्य शेतकऱ्याच्या हाती पडू शकते. 'यील्ड' म्हणजे पिकाचे उत्पादन, पण रोखे बाजारात तोच शब्द गुंतवणुकीवरील परताव्यासाठी वापरतात. 'फील्ड' म्हणजे शेत, संगणकीय अर्जात मात्र भरावयाचा रकाना. शब्द तोच असला तरी तो कोणत्या व्यवहारात आला आहे, हे आधी पाहावे लागते.

संगणक : जोडणी आणि 'सीडिंग'

'आधार सीडिंग' या शब्दातही बियाणे दडलेले आहे. बँक खात्याला आधार 'लिंक' असणे आणि ते थेट लाभ हस्तांतरणासाठी 'सीड' असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ओळख पटवण्यासाठी बँकेने आधार क्रमांक नोंदवून घेतला, एवढ्याने शासकीय अनुदान त्या खात्यात येईलच असे नाही. त्यासाठी राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत त्या आधार क्रमांकापुढे संबंधित बँकेचे नाव असावे लागते. खाती अनेक असली, तरी आधारावर आधारित रक्कम सर्वांत शेवटी सीडिंग झालेल्या बँकेतच जाते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. हप्ता आला नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला विस्तार कार्यकर्त्याने 'खाते आधारशी जोडले आहे का' एवढेच विचारणे पुरेसे नाही. 'कोणत्या बँकेत सीडिंग झाले आहे' हाही प्रश्न विचारावा.

'सेव्ह' आणि 'सबमिट' यांतील फरकही असाच महत्त्वाचा आहे. 'सेव्ह' म्हणजे भरलेली माहिती जपून ठेवणे, तर 'सबमिट' म्हणजे अर्ज प्रत्यक्ष दाखल करणे. सेव्ह केलेला अर्ज मसुदाच राहतो. पोचक्रमांक मिळेपर्यंत अर्ज झाला असे मानू नये. पेमेंट अ‍ॅपबाबत एकच नियम लक्षात ठेवावा : पिन टाकण्याची गरज पैसे देताना पडते, पैसे घेताना पडत नाही. अनुदान जमा करण्यासाठी पिन किंवा ओटीपी मागणारा दूरध्वनी हा फसवणुकीचाच समजावा.

प्रसारण : 'तुरळक' म्हणजे थोडा पाऊस नव्हे

कृषी प्रसारणात महाराष्ट्राचे आणि दिल्लीचे स्थान मोठे आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि मग काय करायचे ते ठरवत. अशी मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय झाल्याचे मूल्यमापनात दिसून आले आणि पुढे ही कल्पना देशभर नेण्यात आली. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरचित्रवाणी केंद्रावरून 'कृषिदर्शन' सुरू झाला, तोही दिल्लीलगतच्या निवडक ८० गावांत सामूहिक दर्शनाची सोय करून. २६ मे २०१५ रोजी 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी आली. या वाटचालीतून एक धडा मिळतो : नुसता ऐकलेला शब्द विरून जातो, चर्चेत आलेला शब्द टिकतो.

प्रसारणातील सर्वाधिक गैरसमज हवामान अंदाजाभोवती आहेत. 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' हे ऐकून 'पाऊस थोडाच आहे' असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात 'तुरळक' हा शब्द पावसाचा विस्तार सांगतो, तीव्रता नव्हे. हवामान विभागाच्या परिभाषेत इंग्रजी 'आयसोलेटेड' म्हणजे तुरळक ठिकाणी, अर्थात त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. २६ ते ५० टक्के केंद्रांसाठी 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्क्यांसाठी 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी' असे म्हणतात. तीव्रतेची मोजपट्टी निराळी आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस पडला आणि त्या मोजक्या ठिकाणांत आपले शिवार असले, तर काढून पसरलेले सोयाबीन भिजणारच.

इशाऱ्याच्या रंगांनाही ठरलेला अर्थ आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. सज्ज राहण्याच्या वेळीच ताडपत्री, चर आणि जनावरांचा निवारा यांची व्यवस्था व्हावी. लाल इशाऱ्यानंतर तेवढा अवधी मिळेलच असे नाही.

अर्थशास्त्र : 'मोडल' भाव आणि तीन प्रकारचे खर्च

अ‍ॅगमार्कनेटवर प्रत्येक शेतमालाचे किमान, कमाल आणि 'मोडल' असे तीन दर असतात. संख्याशास्त्रात 'मोड' म्हणजे बहुलक, म्हणजेच सर्वाधिक वेळा आढळणारी संख्या. त्यामुळे मोडल दर म्हणजे त्या दिवशी बहुतेक व्यवहार ज्या भावाने झाले तो भाव. राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात यालाच 'सर्वसाधारण दर' म्हटले आहे. समजा, कांद्याच्या सारख्या वजनाच्या १० लॉटपैकी ७ लॉट १,४०० रुपये क्विंटलने, २ लॉट १,१०० रुपयांनी आणि १ लॉट २,२०० रुपयांनी विकला गेला. कमाल दर २,२०० दिसेल, सरासरी १,४२० येईल आणि मोडल दर १,४०० असेल. केवळ २,२०० हा आकडा पाहून दूरच्या बाजारात गाडी नेणाऱ्या शेतकऱ्याचे गणित वाहतूक खर्चातच कोलमडते. म्हणून बाजार निवडताना मोडल दर पाहावा आणि कमाल दर हा उत्तम प्रतीच्या मालाला मिळणारा अपवाद मानावा. परिमाणही वाचावे, कारण काही अहवालांत आवक टनांत आणि दर मात्र क्विंटलमागे दिलेला असतो.

हमीभावाच्या चर्चेत 'ए-२', 'ए-२ अधिक एफएल' आणि 'सी-२' या संज्ञा सतत येतात. बियाणे, खते, मजुरी, इंधन, खंडाने घेतलेल्या जमिनीचे भाडे असा शेतकऱ्याने केलेला खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मूल्य मिळवले की एफएलसह खर्च होतो. त्यातही स्वतःच्या जमिनीचे भाडेमूल्य आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की सी-२ हा व्यापक खर्च मिळतो. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाचे जे तत्त्व मांडले गेले, त्याची अंमलबजावणी ए-२ अधिक एफएल या आधारावर होते. शेतकरी संघटनांची मागणी सी-२ ची आहे. उदाहरणादाखल पहिला खर्च क्विंटलला ४,००० रुपये आणि सी-२ खर्च ५,३०० रुपये धरला, तर दीडपट किंमत अनुक्रमे ६,००० आणि ७,९५० रुपये होते. 'दीडपट' हा शब्द दोन्ही बाजू वापरतात, मतभेद आहे तो कशाच्या दीडपट यावर.

पीकविम्यातील 'थ्रेशोल्ड यील्ड' म्हणजे उंबरठा उत्पादन. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मागील ७ वर्षांतील उत्तम ५ वर्षांच्या सरासरीला जोखीम स्तराने गुणून ते काढतात. सरासरी १० क्विंटल आणि जोखीम स्तर ७० टक्के असेल, तर उंबरठा ७ क्विंटलचा ठरतो. उत्पादनावर आधारित भरपाईत विमा क्षेत्राचे उत्पादन या उंबरठ्याच्या खाली गेले तरच भरपाई देय होते. हे आधीच समजले, तर नंतरचा संताप बराच टळतो.

वाणिज्य : 'निगोशिएबल' पावती

जाहिरातींत 'किंमत निगोशिएबल' म्हणजे घासाघीस चालेल. कायद्यात त्याचा अर्थ सर्वस्वी वेगळा आहे. १८८१ च्या अधिनियमाच्या मराठी नावात या शब्दासाठी 'परक्राम्य' हा प्रतिशब्द आहे, म्हणजे एकाच्या हातून दुसऱ्याकडे हक्कासह हस्तांतरित होऊ शकणारे. नोंदणीकृत गोदामात माल ठेवल्यावर मिळणारी इलेक्ट्रॉनिक परक्राम्य गोदाम पावती ही या अर्थाने निगोशिएबल असते. माल गोदामात राहतो आणि त्याची मालकी पावतीद्वारे फिरू शकते. ती 'प्लेज' म्हणजे तारण ठेवून बँकेकडून कर्जही घेता येते. भाव पडलेले असताना विक्री लांबवण्याची ताकद या एका शब्दात आहे. 'पावतीवरची किंमत कमी-जास्त होऊ शकते' असा चुकीचा अर्थ घेऊन कोणी ती नाकारली, तर ती सोय हातची जाते.

'ई-नाम' १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाले. त्यातील 'असेइंग' म्हणजे लिलावापूर्वीची गुणवत्ता तपासणी, 'लॉट' म्हणजे एकत्र विक्रीस मांडलेला मालाचा वक्कल आणि 'बिड' म्हणजे बोली. मराठीत 'बोली' म्हणजे भाषा आणि लिलावातील भावही, हा योग अर्थपूर्ण आहे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत शेतकऱ्याला बोली कळतच नसे. वऱ्हाडात १८९७ सालीच कापूस व धान्य बाजारासाठी कायदा झाला, त्यामागे वजन आणि व्यवहार उघड व्हावेत हाच हेतू होता. आज बोली पडद्यावर उघड दिसते, पण पडद्यावरचे शब्द कळले नाहीत तर तो पडदाही रुमालासारखाच ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी पर्याय देण्याचा हट्ट धरण्याची गरज नाही. पोर्टलवर 'सबमिट' असेच लिहिलेले असेल, तर शेतकऱ्याला तो शब्द ओळखता आलाच पाहिजे. मात्र त्याचा अर्थ रोजच्या भाषेत आणि आकड्याच्या उदाहरणासह सांगावा. शेतकरी गटाच्या बैठकीत एका वेळी दोन-तीनच शब्द घ्यावेत, गावातील ताजा बाजारभाव किंवा हवामान इशारा समोर ठेवावा आणि शेवटी एखाद्या शेतकऱ्याकडूनच अर्थ वदवून घ्यावा. प्रमाण पर्यायांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि १९६१ साली दिल्लीत स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाच्या शब्दावल्या उपयोगी पडतात. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारणा करता येते.

बियाणे घेताना शेतकरी पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचून घेतो. अर्ज, पावती आणि बाजारभाव यांतील शब्दही त्याच सावधपणे वाचले जावेत.