गृहपालांनी काय ओळखावे?

वसतिगृहातील मुलगा अतिरेकी विचारांकडे झुकू लागला, तर बहुधा गृहपाल व स्वयंपाकीणबाईंच्याच ते आधी ध्यानात येते. म्हणून त्यांना प्रशिक्षण हवे. परंतु ओळखायचे काय?

सन २०१५ मध्ये आपल्या जिल्ह्यातील पुसद येथे पोलिसांवर चाकूहल्ला झाला. अकोल्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये हल्लेखोरास शिक्षा दिली. दहशतवादाचा आरोप मात्र अमान्य केला. केवळ ‘जिहाद’ शब्द वापरल्याने कोणी दहशतवादी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

यावरून आम्ही बोध घेतो : धर्म वा शब्द नव्हे, वागण्यातील बदल पाहावा. मित्र तोडणे, एखाद्या समाजाचा द्वेष, हिंसेचे समर्थन दिसल्यास जवळ बसवून विचारपूस करावी, पालकांना कळवावे. हिंसेचा बेत कळल्यास पोलिसांना त्वरित सांगावे. संशयाने दूर लोटलेला मुलगा भडकावणाऱ्यांच्या हाती सहज लागतो.