जुनी वेगवान गाडी घरी उभी करायची तर आधी कशाला हात घालायचा?

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ट्रेनमध्ये रेंज जाते आणि अर्धा भाग ऐकायचा राहतो, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी खास.

बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन घरच्या घरी दुरुस्त आणि थोडी अपग्रेड करता येते का? येते. पण स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यापुढे जे येतं, ते आपल्या बाजारात मुळात कमी. भारतात बनलेली सॅन स्टॉर्म होती, फायबरच्या बॉडीची, दोन दारांची, आणि इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरच्या घरातलं. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती होती. या गाड्या इतक्या कमी आहेत की एक हेडलाइट फुटला तर महिनाभर फोन फिरवत बसावं लागतं. म्हणून आपल्यासारख्यांच्या हाताला लागणारी वेगवान गाडी म्हणजे जुनी हॉट हॅच. माझ्या दारात उभी आहे ती फियाट पॅलिओ १.६. २००१ साली आलेली, १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, साधारण १०० हॉर्सपॉवर, आणि बनलेली कुठे, तर आपल्या कुर्ल्यात. सचिन तेंडुलकर हिची जाहिरात करायचा. ही तीच. त्या काळी लोकांनी ॲव्हरेजच्या नावाने नाकं मुरडली, म्हणूनच आज ती आपल्याला परवडते.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांपुढच्या कारसाठी २०२५ मध्ये ती १०,००० वर गेली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, उशीर झाला असेल तर दंड, आणि फिटनेस तपासणी. भिवंडीकरांसाठी हे सगळं ठाण्याच्या एमएच-०४ मध्ये. मुदत संपलेली आरसी असेल तर हा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून बोला. ‘नंतर करू’ म्हणणारा विकणारा नंतर फोन उचलत नाही. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर आहे का तेही बघा.

दुसरं, पत्रा. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि हवा बाराही महिने दमट. रंग चकचकीत असेल तर खिशातलं छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर, चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे पकड ढिली, तिथे खाली पत्रा कमी आणि लांबी जास्त. बॅटरीच्या खाली, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात आणि शॉकअप जिथे बॉडीला बसतो त्या टोपीभोवती बोट फिरवून बघा. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. सडलेला सांगाडा घरी दुरुस्त होत नाही. तिथे सरळ नमस्कार करून परत या.

आता काम. माझ्याकडे गॅरेज नाही, बिल्डिंगखालची एक पार्किंगची जागा आहे. शेजारच्या काकांची परवानगी आणि एक लांब एक्स्टेंशन बोर्ड, एवढं भांडवल. एक गोष्ट मात्र मी अजिबात सोडत नाही: जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी. खाली दोन घोड्या लावायच्या, मागच्या चाकांना अडण लावायची, गाडी हाताने हलवून बघायची, मगच झोपायचं. विटा, सिमेंटचे ठोकळे चालत नाहीत, ते न सांगता फुटतात. हजारो रुपयांचे स्पीकर लावणारी मंडळी घोड्यांवर पैसे वाचवताना दिसतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

मग सुरुवात कुठून? इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी. आधी गाडी थांबली पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर प्रमाणित किमान आकडा १५५ वर येतो. कसारा घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळलं, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे पेडल खाली जातं आणि गाडी पुढे. वीस वर्षांच्या गाडीत ऑइल, पुढचे पॅड, मागचे लायनर आणि रबरी होज एकदमच बदला. टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

त्यानंतर टायमिंग बेल्ट. क्रँक दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा, ही लय हा बेल्ट सांभाळतो. १६ व्हॉल्व्हच्या बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आधीच्या मालकाने ‘बदललाय’ म्हटलं आणि बिल दाखवलं नाही, तर बदलला नाही असं धरा. टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलायचे, कारण तिथपर्यंत पोचायची मेहनत तीच असते. हे काम मी स्वतः केलं नाही, कल्याण नाक्याजवळच्या एका चाचांकडून बाजूला उभं राहून करून घेतलं. चाचांनी पहिल्या दिवशी गाडी चालवून सांगितलं होतं, ‘बेटा, हॉर्न छोडके सब बजता है.’ त्यामुळे बुश, लोअर आर्म, शॉकअप हेही त्याच यादीत आले.

भिवंडीची एक खास गंमत. लूमच्या भागात कापसाचं तूस हवेत असतं, ते एअर फिल्टरमध्ये आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं. जाळी बाहेरून स्वच्छ दिसते, मधे गादी तयार झालेली असते. इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारा. प्रेशर वॉशरने जाळी वाकते.

आता माझा आवडता भाग, कारण इथे सॉफ्टवेअर येतं. आज पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. ही गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं. ईसीयू सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ही दुरुस्ती आपोआप करतो. तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. साधा फीडबॅक लूप आहे: मोजा, तुलना करा, सुधारा. निरोगी गाडीत हे प्रकरण निभतं. पण जुन्या गाडीत व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असतो, तिथून चोरून हवा येते आणि तिच्यासाठी ट्रिम आधीच दहा टक्के वर गेलेला असतो. त्यावर ई२० चे सात-आठ टक्के आले की ईसीयूच्या हातातली जागा संपत जाते. भर म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बरेच जुने ईसीयू सेन्सरकडे बघतच नाहीत, साठवलेल्या तक्त्यावर चालतात. तेव्हाच मिश्रण सुकं झालं तर इंजिन तापतं.

म्हणून लॅपटॉप काढा. फियाटसाठी मल्टीईसीयूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, केबल आधी आपल्या गाडीच्या सॉकेटला जुळते का बघून घ्या. गाडी गरम झाल्यावर आयडलला ट्रिम बघा, मग अडीच हजार आरपीएमला बघा. आयडलला खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आला, तर बहुधा हवा गळतेय. दोन्हीकडे वर असेल तर फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर. हे कळल्याशिवाय ‘रिमॅप’वर एक रुपयाही घालू नका.

ई२० चा दुसरा मार रबरावर. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केलं होतं. इंजेक्शनच्या लाइनमध्ये सुमारे ३ बार दाब असतो. तिथे साधा पाइप लावू नका, ‘३०आर९’ छापलेला घ्या आणि क्लिपही त्याच कामाच्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, तेव्हा फिल्टर आत्ता एकदा आणि दोन-तीन टाक्यांनंतर पुन्हा. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, जवळ अग्निशामक, आणि बिल्डिंगमधले बिडीवाले लांब.

अपग्रेडचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल एकत्र वाचले तर कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, परवानगीशिवाय बदललेलं इंजिन, कापलेली बॉडी, सगळं फिटनेसला अडकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीलाही कारण मिळतं. रंग बदलायचा तरी आरसीवर नोंद करून घ्या.

जे राहतं तेही कमी नाही. चांगले पॅड, चांगल्या प्रतीचे शॉकअप, नवे बुश आणि चांगले टायर. टायरचं गणित स्वतः करा: १७५/६५ आर १४ चा व्यास ५८३ मिमी. १८५/६० आर १४ चा ५७८, म्हणजे फरक एका टक्क्याच्या आत. पण कुणी १९५/६० आर १५ गळ्यात मारला तर तो ६१५ होतो. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवणार आणि खड्ड्यात टायर कमानीला घासणार. अंजूरफाट्याचे खड्डे ज्यांनी बघितलेत त्यांना जास्त सांगायला नको.

पार्टसाठी सीएसटी रोड, कुर्ला. सकाळी लवकर जा, जुना पार्ट हातात घेऊन जा, त्यावरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ‘सेम है’ या शब्दावर विसंबू नका, दोन्ही शेजारी ठेवून दात मोजा. ब्रेक आणि टायमिंगचा माल जुना घ्यायचा नाही. दाराचं हँडल, काच, स्विच, सीट हे बिनधास्त जुने घ्या.

माझी गाडी सध्या फिटनेसच्या तारखेची वाट बघतेय. डाव्या मागच्या ड्रममधून अजून बारीक आवाज येतो, रविवारी उघडणार आहे. तुमच्याकडे कोणती गाडी आहे आणि तिचा आयडलचा ट्रिम किती येतो, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही आकडे घेऊन बसू.