तीन आठवड्यांची रजा आणि सहा महिन्यांचे दात
परदेशातून मायदेशी येऊन दंतोपचार व सौंदर्य शस्त्रक्रिया करून घेण्याचा हिशेब

बडोद्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या मकरपुऱ्याची ओळख दोन गोष्टींनी होते. एक म्हणजे तेथील औद्योगिक वसाहत आणि दुसरी म्हणजे गायकवाडांचा जुना राजवाडा. खंडेराव महाराजांनी १८७० मध्ये उभारलेला आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात विस्तारलेला हा राजवाडा आज हवाई दलाच्या ताब्यात आहे. सयाजीराव १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले ते मुख्यतः प्रकृतीच्या कारणासाठी. ऐपत असलेला भारतीय माणूस चांगल्या उपचारांसाठी समुद्र ओलांडतो, ही त्या काळाची रीत होती. पुढील काळात संस्थानिकांप्रमाणेच धनिक आणि राजकीय नेत्यांनीही ती पाळली.

आज निदान दातांच्या बाबतीत हा प्रवाह उलटा झाला आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या थंडीच्या दिवसांत अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधून बडोदे, आणंद व खेडा भागात येणाऱ्या कुटुंबांच्या यादीत लग्न, मुंज आणि खरेदीबरोबर ‘दाताचे काम’ हीही एक नोंद असते. मकरपुऱ्यातील कारखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढीही या प्रवाहात आहे. गोव्याला हे चित्र अनोळखी नाही. स्विंडन, लिस्बन किंवा आखाती देशांतून नाताळासाठी घरी येणारा गोमंतकीयही सुट्टीतले दोन-चार दिवस दंतवैद्यासाठी राखून ठेवतो. म्हणूनच या व्यवहाराचे गणित, त्यातला लाभ आणि त्यातला धोका समजून घेणे दोन्हीकडच्या वाचकांसाठी आवश्यक ठरते.

स्वस्त का पडते?

पहिले कारण परदेशातील व्यवस्थेत आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी असलेल्या मूळ ‘मेडिकेअर’ योजनेत नेहमीच्या दंतोपचारांचा बहुतांश खर्च समाविष्ट नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतील दंतोपचारांना प्रौढांकडून शुल्क घेतले जाते. १ एप्रिल २०२५ पासून कॅप, ब्रिज, कवळी यांसारख्या कामांचा समावेश असलेल्या वरच्या श्रेणीचे शुल्क ३२६.७० पौंड करण्यात आले होते. हा दर खासगी दवाखान्यांच्या मानाने कमी असला, तरी सरकारी सेवेत नवा रुग्ण म्हणून नाव नोंदवून घेणारा दंतवैद्य मिळणे अनेक भागांत कठीण झाले आहे. शिवाय इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम दात, या सेवेत अपवादात्मक वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही. उरतो तो खासगी दवाखाना आणि त्याचे बिल.

दुसरे कारण आपल्याकडचे. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू पुष्कळदा आयात केलेलाच असतो. त्याच्या किमतीत फार मोठी बचत होत नाही. बचत होते ती डॉक्टरांच्या व सहायकांच्या मोबदल्यात, जागेच्या भाड्यात, कॅप घडवणाऱ्या प्रयोगशाळेच्या मजुरीत आणि व्यावसायिक दायित्वाच्या विम्यात. ही बचत खरी आहे व तिच्यात गैर काही नाही. परंतु ज्या दवाखान्याचा दर शहरातील इतर चांगल्या दवाखान्यांच्या तुलनेतही फारच कमी आहे, तेथे बचत नेमकी कशात केली आहे, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

हाड रजा ओळखत नाही

या साऱ्या व्यवहारातील मुख्य अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना गेल्या शतकाच्या मध्यात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना असे आढळले, की टायटॅनियमभोवती हाड घट्ट वाढते व ते सहजी सुटत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. आधुनिक इम्प्लांटशास्त्र या शोधावर उभे आहे. मात्र हाड आणि धातू यांचा हा सांधा जुळायला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्याने तेथे वेळ कमी लागतो, तर वरच्या जबड्यात अधिक. हाड झिजलेले असेल आणि त्याचे कलम करावे लागले, तर हा कालावधी आणखी वाढतो.

समजा, टोरोंटोत राहणारी एक स्त्री तीन आठवड्यांच्या रजेवर मकरपुऱ्यात आई-वडिलांकडे आली आहे आणि तिला दोन दाढा बसवून घ्यायच्या आहेत. पहिल्या आठवड्यात तपासणी, एक्स-रे किंवा सीबीसीटी स्कॅन आणि हिरड्यांची स्वच्छता होईल. दुसऱ्या आठवड्यात इम्प्लांट बसेल. तिसऱ्यात टाके पाहिले जातील आणि ती परत जाईल. वरची पक्की कॅप मात्र पुढच्या भेटीत बसेल. म्हणजेच हिशेबात दोन विमान तिकिटे धरायला हवीत. दुसऱ्या फेरीचा खर्च मिळवल्यावर एखाद-दुसऱ्या दातासाठी केलेली बचत पुष्कळ वेळा नाममात्र उरते. काम मोठे असेल किंवा घरी येणे तसेही व्हायचेच असेल, तरच हे गणित खऱ्या अर्थाने जुळते.

काही निवडक रुग्णांत इम्प्लांटवर लगेच तात्पुरते दात बसवता येतात, हे खरे आहे. त्यासाठी हाडाची जाडी व घनता पुरेशी असावी लागते आणि बसवलेला स्क्रू पहिल्या क्षणापासून घट्ट असावा लागतो. अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान यांमुळे इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे घेणाऱ्यांनी ती गोष्ट दंतवैद्याला आधीच सांगितली पाहिजे, कारण अशा रुग्णांत जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. ‘सात दिवसांत नवे हास्य’ अशी जाहिरात वाचताना या अटी कोठे लिहिल्या आहेत, हे पाहावे.

निरोगी दातांचा बळी

आणखी एक प्रकार तरुणांना भुरळ घालतो. तो म्हणजे सर्व दातांना एकसारख्या शुभ्र कॅपा. ब्रिटनमधून तुर्कस्तानात जाऊन हे काम करून घेणाऱ्यांची संख्या एवढी वाढली, की तेथील बोलीत त्याला ‘टर्की टीथ’ असे नावच पडले आणि ब्रिटिश दंतवैद्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध वारंवार इशारे दिले. कॅप बसवण्यासाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो. तासलेले एनॅमल पुन्हा येत नाही. काही दातांतील नस कालांतराने मरते आणि मग रूट कॅनाल करावे लागते. कॅपही जन्मभर टिकत नाही, काही वर्षांनी ती बदलावी लागतेच. पंचविसाव्या वर्षी सगळे निरोगी दात तासून घेणारा माणूस पुढील आयुष्यभराच्या दुरुस्तीचा करार करून बसतो. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तारा लावणे हा मार्ग संथ असला, तरी त्यात दात शाबूत राहतो.

पुण्याचे नाक आणि आजचा कर

सौंदर्य शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना पुण्याला वगळता येत नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी वळवून नवे नाक घडवले. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून प्रेरणा घेतलेल्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. सुश्रुतसंहितेत नासासंधानाचे वर्णन आहेच. पुण्याच्या या घटनेने ती विद्या लोकव्यवहारात जिवंत होती, हे जगाला दाखवून दिले.

कावसजीचे नाक आणि आजची हौसेची शस्त्रक्रिया यांत जो फरक आहे, तो भारतीय करव्यवस्थाही मानते. आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून सूट आहे. परंतु केशरोपण आणि सौंदर्य शस्त्रक्रिया या सवलतीत येत नाहीत व त्यांवर १८ टक्के कर लागतो. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र सूट आहे. आरोग्य विम्याचीही रीत अशीच आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना विमा मान्य करू शकतो, केवळ रूपासाठी केलेला खर्च तो देत नाही. परदेशातून येणाऱ्याने घेतलेला प्रवास विमाही ठरवून केलेल्या उपचारांना आणि त्यांतून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीला बहुधा लागू होत नाही. पत्रकावरील दर करासहित आहे की करावेगळा, हे म्हणून आधीच विचारून घ्यावे.

परतीच्या विमानाचा धोका

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठ होण्याची शक्यता वाढते आणि तासन्‌तास एकाच जागी बसून केलेला विमानप्रवास तिला हातभार लावतो. पायातील गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला असा आहे, की स्तनांची शस्त्रक्रिया किंवा लायपोसक्शन यांनंतर ५ ते ७ दिवस आणि चेहऱ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाल्यास ७ ते १० दिवस विमानात बसू नये. हा किमान काळ समजावा. नेमका दिवस शल्यविशारदानेच ठरवायचा असतो.

हा धोका पुस्तकी नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००९ ते २०२२ या काळात डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्य शस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकी नागरिक मरण पावले. त्यांतील तपासलेल्या मृत्यूंमागे रक्ताची किंवा चरबीची गाठ फुप्फुसात जाणे हे मुख्य कारण आढळले. २०२३ मध्ये मेक्सिकोतील मातामोरोस येथे सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीतून बुरशीजन्य मेंदूज्वराची साथ उद्भवली आणि तीत रुग्ण दगावले. देश कोणताही असो, स्वच्छता, भूल आणि नंतरची देखरेख या तीन ठिकाणी केलेली काटकसर जिवावर बेतते. एकाच दिवशी तीन-चार शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा मोहही याच वर्गात मोडतो.

काय पाहावे, काय मागावे

परदेशी पारपत्र असलेल्या रुग्णांसाठी भारत सरकारचा ई-वैद्यकीय व्हिसा आहे. तो ६० दिवसांचा असून त्यावर तीनदा प्रवेश करता येतो. सोबत येणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसा आहे. ओसीआय कार्डधारकांना व्हिसाची गरज नाही.

डॉक्टरांची पात्रता पाहणे अवघड नाही. इम्प्लांट किंवा कॅपांचे मोठे काम करणाऱ्याकडे बीडीएस पदवी आणि शक्यतो संबंधित शाखेतील एमडीएस असावी आणि नाव राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदलेले असावे. प्लास्टिक सर्जनकडे एमसीएच किंवा त्या विषयातील डीएनबी असते. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द पाटीवर कितीही ठळक असला, तरी तो शल्यविशारदाच्या पदवीची जागा घेऊ शकत नाही. शस्त्रक्रिया कोण करणार, भूल कोण देणार आणि रात्री त्रास झाला तर अतिदक्षता विभाग कोठे आहे, हे तीन प्रश्न आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारावेत. रुग्णालय किंवा दंत दवाखाना एनएबीएच मानांकित आहे का, हेही पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती कागदपत्रांची गोष्ट. इम्प्लांट बसवल्यावर त्याची कंपनी, प्रकार, व्यास, लांबी व बॅच क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्यावे. सहा महिन्यांनी टोरोंटोत किंवा स्विंडनमध्ये स्क्रू सैल झाला, तर तेथील दंतवैद्याला कोणते हत्यार लागेल हे त्या कार्डावरूनच कळते. कार्ड नसेल तर पुष्कळ दंतवैद्य दुसऱ्याच्या कामाला हात लावायला तयार होत नाहीत. एक्स-रे व स्कॅन डिजिटल स्वरूपात घ्यावेत. बिल पक्के घ्यावे, संमतीपत्र वाचूनच सही करावी आणि त्याची प्रत ठेवावी.

काही चुकले तर कायदा आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडेही दाद मागू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. त्यामुळे बडोद्यात उपचार घेतलेल्या पणजीकराला तक्रारीसाठी बडोद्याला जावेच लागेल असे नाही. परदेशात राहणाऱ्याला मात्र हा मार्ग लांबचा पडतो. सुनावणीच्या तारखा, तज्ज्ञांचे मत आणि कागदपत्रे यांसाठी येथे कोणीतरी हवेच. पक्के बिल नसेल तर तो मार्ग जवळजवळ बंदच होतो.

आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर, घरचे मऊ जेवण, रात्री दुखले तर उठून पाणी देणारी आई, हा मायदेशी उपचार घेण्यातला मोठा लाभ आहे आणि तो कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो. तो पुरेपूर घ्यायचा असेल तर क्रम बदलावा लागतो. आधी तिकीट काढून मग रजेत बसेल तेवढा उपचार शोधण्याऐवजी, आधी स्कॅन पाठवून उपचारांचे वेळापत्रक मागवावे आणि त्यानुसार तिकीट काढावे. डॉक्टरांनी दोन फेऱ्या सांगितल्या आणि दुसरी फेरी शक्य नसेल, तर ते काम जेथे राहतो तेथेच करून घेणे अखेरीस स्वस्त पडते.